एकशे बारा पोस्टरं आणि एक इसम

बायको गेल्यावर माणसाने काय करावं, याबद्दल आमच्या इमारतीत सगळ्यांची मतं तयार होती. दुसऱ्या मजल्यावरचे मास्तर म्हणाले, सकाळी फिरायला जा. खाली दवाखाना असलेले दातांचे डॉक्टर म्हणाले, फिरू नका, गुडघे जातील, पोहायला जा. मुलगी फोनवर म्हणाली, "बाबा, तुम्ही सरळ इकडे या." मी यातलं काहीच केलं नाही. मी पोस्टरं विकायला काढली.

कारण मला हिला खोटं पाडायचं होतं.

चौतीस वर्षं आमच्या घरात एकच वाद चालला होता. ही म्हणायची, "अहो, ही रद्दी कुणी घेणार नाही." मी म्हणायचो, "एक दिवस लोक दाराशी रांग लावतील." तो वाद तसाच ठेवून ती गेली. माणूस गेलं की वाद संपतो असं ज्यांना वाटतं त्यांचं अजून कुणी गेलेलं नसतं. मी एकटाच जेवायला बसलो की तिचं वाक्य ऐकू यायचं, आणि माझ्याकडे उत्तर नसायचं. एक गिऱ्हाईक, फक्त एक, दारात उभं राहून "वा!" म्हणालं असतं तरी मला पुरलं असतं.

जुन्या सिनेमांची एकशे बारा पोस्टरं. थिएटरं बंद पडायला लागली तेव्हा त्यांच्या गोदामांतून मी ती आणली. धड पोस्टरं मोठ्या संग्राहकांनी आधीच उचललेली असायची, म्हणून माझ्या वाट्याला कसर लागलेली यायची. एकही भोक नाही असं पोस्टर माझ्याकडे नव्हतं. ती दुरुस्त करायचं काम हिचं. मी वजनमापं तपासणाऱ्या कचेरीत जायचो आणि ही दुपारी जेवणाच्या टेबलावर पोस्टर पालथं घालून मागून खळीने मलमल चिकटवायची. वाळलं की तीच गुंडाळून पुठ्ठ्याच्या नळीत घालायची. संध्याकाळी मी येऊन झाकण लावायचो, वर नंबर टाकायचो आणि वहीत तारीख लिहायचो. मोठं काम माझं, असं मी समजत होतो.

उजेडाने रंग उडतो. हवेने कागद पिवळा पडतो. म्हणून संग्राहकाचा पहिला नियम असा, की नळी उघडायची नाही. मी तो नियम चौतीस वर्षं पाळला. "बघायची नाहीत तर घेतली कशाला?" असं ही विचारायची. मी तिला समजावून सांगायचो. ती ऐकून घ्यायची आणि भाजी निवडत राहायची.

नळ्या आतल्या खोलीत भिंतीला टेकून उभ्या होत्या. साधारण माणसाच्या खांद्याइतक्या उंच. ही गेल्यापासून दुपारी तीनच्या सुमारास त्या खोलीतून आवाज यायला लागले. टक्. मग थोड्या वेळाने दुसरीकडून, टक्. उन्हाने पुठ्ठा प्रसरण पावतो हे मला कुणी शिकवायला नको, माझी सगळी नोकरी लांबी-रुंदीत गेली. तरी तीन वाजले की मी उठून त्या खोलीचं दार लोटून घ्यायचो.

तर, दलाल आला. हा माणूस या धंद्यात बत्तीस वर्षं मुरलेला. त्याने खोलीत येऊन नळ्या बघितल्या आणि सहानुभूतीने मान हलवली, म्हणजे मला आधी वाटलं हिच्याबद्दल हलवतोय.

"साहेब, उशीर केलात," तो म्हणाला. "ही पोस्टरं कोण घ्यायचं? ज्यांनी ते सिनेमे थिएटरात बघितले, ते. ते आता राहिले नाहीत. त्यांची मुलं तीच पोस्टरं मला परत विकायला आणतात. हॉटेलवाले भिंतीवर लावायचे, त्यांना आता भिंती कोऱ्या आवडतात. घरात लावायचं तर हुबेहूब नवी प्रत दुकानात मिळते, तीही फ्रेमसकट. माझ्याकडेच आठशे पडून आहेत. तुम्ही घेता का?"

"मी?"

"तुम्हाला आवड आहे म्हणून विचारलं."

विकायला बसलेल्या माणसालाच माल विकायचा प्रयत्न करणं याला कौशल्य लागतं, हे मी मान्य करतो. पण मला ते लागलं. मी म्हणालो, एक उघडून तर बघा. नियम मोडायची माझी ती पहिली वेळ. नळी सव्वीस. जहाज बुडतं तो सिनेमा. पोस्टर टेबलावर पसरलं, चारी कोपऱ्यांवर वाट्या ठेवल्या. प्रचंड लाट, तिरकं झालेलं जहाज, कठड्याला लोंबकळणारी माणसं. दलालाने भिंग काढलं आणि तो ओणवा झाला.

"हा कोण?" त्याने विचारलं.

सगळी माणसं लाटेकडे बघत होती. एक बघत नव्हता. कठड्याच्या मागे शांत उभा राहून तो सरळ आमच्याकडे बघत होता. चेहरा बोराएवढा.

"हा छापलेला नाही. हाताने काढलाय," दलाल म्हणाला. "दुसरं उघडा."

दुसऱ्यावर कोर्ट होतं. नायिका पिंजऱ्यात, वकिलाचं बोट वर, मागे गर्दी. गर्दीत तोच. तिसऱ्यावर घोडे आणि डाकू. तिथे एका दगडाच्या मागून तोच. भर उन्हात, धुळीत, इस्त्रीच्या शर्टात.

दलाल सरळ उभा राहिला. "साहेब, तीन सिनेमे, तीन चित्रकार. माणूस एक. आणि तो गोष्टीतल्या कुणाकडे बघत नाही, माझ्याकडे बघतो. मला चहा नको." मी चहा विचारलाच नव्हता. तो गेला, भिंग टेबलावर विसरून. मी दोनदा फोन केला. न्यायला आला नाही.

मी ते भिंग घेऊन बराच वेळ बसलो. चेहरा ओळखीचा वाटत होता, पण कुठला ते लागत नव्हतं. रोज बसमध्ये समोर बसणारा एखादा माणूस असतो ना, बाजारात दिसला की आठवत नाही, तसं. हाताने काढलंय म्हणे. भाव पाडायची युक्ती, दुसरं काय. हिच्या हातात मी खळीचा ब्रश सोडून दुसरा ब्रश कधी पाहिला नव्हता. दुपारी मी घरी कधी नसायचोच, ही गोष्ट मला त्या वेळी सुचली नाही.

मास्तर सगळं ऐकून म्हणाले, "चूक तुमचीच. किंमत सांगितली की माणूस बिचकतो. फुकट ठेवा, मग बघा झुंबड."

फुकट द्यायलाही अर्ज लागतो. आमच्या इमारतीच्या फलकावर सूचना लावायची तर सेक्रेटरींची सही हवी, आणि सेक्रेटरींना वस्तूचं वर्णन, नग, ज्वालाग्राही आहे काय, आणि इमारतीच्या शिस्तीला बाधा येईल काय, हे दोन प्रतींत हवं होतं. "कागद आहे म्हणजे ज्वालाग्राही," ते म्हणाले. मी म्हणालो, "मग तुमचा अर्जही ज्वालाग्राही आहे." त्यावरून सही चार दिवस लांबली. शेवटी सूचना लागली. झुंबड म्हणजे तीन माणसं. दातांच्या डॉक्टरांनी दवाखान्यासाठी एक नेलं, कोपऱ्यावरच्या आमच्या न्हाव्याने दुकानासाठी एक, आणि मास्तरांनी भिंतीवरचा ओलीचा डाग झाकायला एक. घाईत कुणी उघडून बघितलं नाही आणि मीही दाखवलं नाही. तिघांची पोस्टरं तीन वेगळ्या भिंतींवर जाणार होती, तोच माणूस सगळीकडे आहे हे कुणाला कळणार नव्हतं, त्यामुळे माझं मन जरा निर्धास्त होतं.

पहिले आले डॉक्टर. पोस्टर काखेत.

"माझी खुर्ची त्या भिंतीसमोर आहे," ते म्हणाले. "पेशंट तोंड उघडून अर्धा तास तिकडेच बघतो. तीन दिवसांत चौघांनी विचारलं, डॉक्टर, खिडकीतला तो माणूस कोण? काल एका बाईंनी तोंड मिटून घेतलं आणि उघडलंच नाही. अर्धी दाढ तशीच घेऊन घरी गेल्या. हे तुम्ही ठेवा."

मग मास्तर. ते बसले, पाणी प्यायले, आणि नेहमीच्या आवाजात बोलले नाहीत.

"मी स्वयंपाकघरात गेलो तरी बघतो. परत आलो तरी बघतो. काल मी त्याला विचारलं, काय हवंय?"

"मास्तर, चित्र आहे ते."

"मला कळतं. विचारलं म्हणून परत आणलेलं नाही मी. विचारून उत्तराची वाट बघत बसलो, म्हणून आणलंय."

मला हसायला हवं होतं. मी पोस्टर घेतलं, नळीत घातलं आणि झाकण जरा जास्तच जोरात दाबलं.

न्हावी पोस्टर घेऊन आलाच नाही. त्याने मला दुकानात बोलावलं, खुर्चीत बसवलं आणि समोरच्या आरशाकडे बोट केलं. पोस्टर मागच्या भिंतीवर होतं. पुराच्या पाण्यात छपरावर चढलेलं गाव, आणि छपराच्या टोकाला तो. आरशात मी आणि माझ्या खांद्यावरून तो.

"साहेब, वीस वर्षं तुमचे केस कापतोय," न्हावी म्हणाला. "हा डाव्या बाजूचा भोवरा बघा. मी पाणी लावून दाबतो, दोन मिनिटांत उठून उभा राहतो. आता त्याचा बघा."

मी बघितलं.

"हे तुम्ही आहात," तो म्हणाला. "मला त्याची काही हरकत नाही. पण गिऱ्हाइकं विचारतात, तुमचे साहेब पुरात कधी गेले होते?"

मी ते पोस्टर उतरवून घरी आणलं, दार लावलं आणि भिंग घेऊन आणखी दोन नळ्या उघडल्या. दोन्हीकडे मीच. एकीकडे मिशी होती. मिशी मी एकच वर्ष ठेवली होती. दुपारचे तीन वाजत होते आणि आतल्या खोलीत टक् झालं. खरं सांगतो, तिथे भूत असतं तर मला एवढी भीती वाटली नसती. भूत निदान दुसऱ्याचं असतं.

त्या दिवशी मी ठरवलं, की सगळी पोस्टरं घराबाहेर काढायची, पण मान खाली घालून नाही. सरकारी चित्रपट संग्रहालयाला दान. म्हणजे घरही मोकळं आणि हिलाही सांगता येईल, बघ, सरकारने घेतली. अर्ज तीन प्रतींत. "दात्याचे वस्तूशी नाते" या रकान्यात मी आधी "प्रेम" लिहिलं होतं, ते खोडून "मालक" लिहिलं. टेम्पो आला, नळ्या गेल्या. खोली रिकामी झाली. दुसऱ्या दिवशी तीन वाजता मी सवयीने दार लोटायला उठलो. आत काहीच वाजलं नाही. तो दिवस मला जास्त जड गेला.

तीन आठवड्यांनी पत्र आलं. ते मी जपून ठेवलं आहे.

"आपण सादर केलेल्या भित्तिपत्रकांची तपासणी केली असता, सर्वच्या सर्व भित्तिपत्रकांमध्ये मूळ चित्रपटाशी संबंध नसलेला एक इसम आढळून आला आहे. सदर इसमाची ओळख पुराव्यासह पटवून द्यावी, अन्यथा दान स्वीकारता येणार नाही."

मी ओळखपत्र घेऊन गेलो. दुसरं काय नेणार होतो? तिथल्या बाई माझ्या मुलीपेक्षा थोड्या मोठ्या असतील. बोटांना रंग लागलेला, चष्मा कपाळावर. टेबलावर माझं एक पोस्टर पसरलेलं होतं. त्यांनी ओळखपत्र बघितलं, मला बघितलं, पोस्टर बघितलं.

"हे तुम्ही?"

"हो."

"हा सिनेमा तुमच्या जन्माआधी सहा वर्षं निघालेला आहे. यात तुम्ही चाळिशीचे आहात."

"हो."

"कसे?"

"मला माहीत नाही."

"माहीत नाही असा रकाना नाही," बाई म्हणाल्या. पण त्यांनी रकाना भरला नाही. पोस्टर उलटं केलं आणि मलमलीवरून अंगठा फिरवला. "हे काम कुणाचं?"

"बायकोचं. चिकटवण्याचं. मागून."

"नुसतं मागून नाही हो." त्यांनी पोस्टर पुन्हा सरळ केलं आणि दिव्याखाली धरलं. "बघा. जिथे जिथे कसरीने भोक पाडलं होतं, तिथेच हा माणूस आहे. मूळ रंगाला एक रेघ लागू दिलेली नाही. आमच्याकडची माणसं इतकं स्वच्छ काम करत नाहीत. फक्त आम्ही भोकात आकाश भरतो, भिंत भरतो. यांनी तुम्हाला भरलं."

मी टेबलावरचं ओळखपत्र उचलून खिशात घातलं.

"समोर बसवून काढायच्या का?"

"मी कचेरीत असायचो. आणि निवृत्त झाल्यावर ती मला दुपारी वाचनालयात पाठवायची. घरात माझी अडचण होते म्हणून. असं मला वाटायचं."

"म्हणजे आठवून काढायच्या." त्या थोडा वेळ चित्राकडे बघत राहिल्या. "त्यांनी कधी सांगितलं नाही?"

"मी नळी उघडली असती तर दिसलं असतं."

"एकदाही नाही उघडली?"

वजनमापं कचेरीत मी अनेक दुकानदारांना असे प्रश्न विचारले आहेत. उत्तर न देणारा माणूस कुठे बघतो हे मला चांगलं माहीत होतं. मीही तिथेच, जमिनीकडे बघितलं.

बाईंनी शेवटी नियमाप्रमाणे शिक्का मारला. मूळ स्वरूपात फेरफार, सबब परत. परत करण्याचं कारण एका शब्दात लिहायचं होतं. त्यांनी "इसम" लिहिलं आणि कागद माझ्याकडे सरकवताना म्हणाल्या, "काका, माझ्या हातात असतं तर मी ठेवून घेतली असती. पण तुम्ही नेताय तेच बरं."

टेम्पोवाल्याने नळ्या पुन्हा वर चढवताना विचारलं, "सरकारलाही नको झाल्या काय?" मी म्हणालो, "मीच परत मागवल्या." इतपत खोटं माणसाला चालतं.

त्या शनिवारी मुलगी आली. मला न्यायला आली होती, मोठी बॅग घेऊन. मी तिला काही न सांगता नळी एक उघडली आणि तिच्यासमोर पसरली. तिला भिंग लागलं नाही. "बाबा!" एवढंच म्हणाली आणि बॅग तिथेच टाकून खाली बसली.

आम्ही सगळी उघडली. नंबराप्रमाणे, माझ्या वहीतल्या तारखा लावत. टेबल भरलं, पलंग भरला, मग जमिनीवर, मग जिन्यापर्यंत. नायक, नायिका, खलनायक, रणगाडे, घोडागाड्या, सगळे आपापल्या कामात, आणि प्रत्येकात एक माणूस काम सोडून आमच्याकडे बघतोय. एकशे बारा वेळा बघणारी नजर एकाच घरात पसरली की घर कसं होतं ते सांगता येत नाही. पंखा बंद केला तरी कागद हलत होते. मुलगी दबक्या आवाजात बोलत होती, जसं कुणी झोपलेलं असताना बोलतात.

"ही मिशी. मी तेव्हा दहावीत होते. मैत्रिणी हसायच्या."

"माझ्या मिशीला?"

"मग काय. आणि इथून चष्मा लागला बघा. हा जाड काड्यांचा. आणि इथे... इथे तुम्ही चिडलेले आहात, बाबा. चांगलेच."

मी वही बघितली. नळी अठ्ठावन्न. बायकोच्या माहेरी जायचं होतं आणि मी रजा मिळत नाही म्हणालो होतो. रजा मिळत होती.

"डोंगरावर ही दोघंच आहेत, गाणं म्हणतायत. इथे कुठे घातलंय तुम्हाला आईने?"

"झाडामागे बघ."

"अय्या! बाबा, शोभत नाही हो तुम्हाला." ती हसायला लागली. मग तिला थांबता येईना, आणि मग ते हसणं राहिलं नाही. मी स्वयंपाकघरात जाऊन पाणी आणलं. वाटेत पाय कुठे ठेवू हे कळत नव्हतं, जिथे ठेवीन तिथे मी बघत होतो. पण आता ती नजर कुणासाठी होती ते मला ठाऊक झालं होतं. आमच्यासाठी नव्हती. त्या टेबलापलीकडे दुपारी जी बसलेली असायची, तिच्यासाठी होती.

तिथेच वाद मिटला. तिचं बरोबर होतं, ही पोस्टरं कुणी घेणार नव्हतं. घेण्यासारखी तिने ठेवलीच नव्हती.

शेवटची, एकशे बारावी नळी उघडायची राहिली. तिच्यावर नंबर माझ्या अक्षरात नव्हता. तो हिने टाकला होता, गेल्या वर्षी. त्या महिन्यात माझ्या दुपारी दवाखान्याच्या रांगेत रिपोर्टांसाठी जात होत्या, आणि रिपोर्टात काय येणार ते आम्हा दोघांना कळून चुकलं होतं. वहीत तारीख नाही.

मुलीने ते पोस्टर उलगडलं. खळीचा वास अजून गेला नव्हता. रेल्वेचा फलाट, गाडी सुटतेय, नायक दारातून हात हलवतोय. फलाटावर एक बाक. बाकावर एक म्हातारा. केस पांढरे, तेही थोडेच उरलेले. गाल आत गेलेले. हात गुडघ्यांवर. अंगावर कुणीतरी नीट धुतलेला शर्ट. आणि नजर सरळ समोर, जराही न थकता.

मुलीने बराच वेळ बघितलं. माझ्याकडे बघितलं. पुन्हा बघितलं.

"हे तुम्ही नाही, बाबा," ती म्हणाली. "हा तर नव्वदीला आलेला म्हातारा आहे."

मी एकोणसत्तर वर्षांचा आहे. मी भिंग बाजूला ठेवलं.

"अजून नाही," मी म्हणालो.